फारकत, काडीमोड, घटस्फोट : शब्द कुठून आले आणि कोणता कागद खरा



कोणताही फॉर्म भरायला घेतला की एका रकान्यापाशी पेन थांबतो. 'वैवाहिक स्थिती'. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरताना तर हे प्रत्येक गावात झालं. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार असे शब्द त्यात होते, आणि आपल्या बायका विचारत होत्या, "मॅडम, माझी तं फारकत झाली. मंग मी कशात येते?" कोणी म्हणाली काडीमोड झाला, कोणी म्हणाली बाँडवर सोडचिठ्ठी झाली, कोणी नुसतीच खाली मान घालून म्हणाली, "तो नांदवत नाही."

एकाच गोष्टीला इतके शब्द का? आणि हे सगळे शब्द कायद्यात सारखेच आहेत का? नाहीत. त्यावरूनच पुढे पोटगी, जमीन, पेन्शन, दुसरं लग्न, सगळं अडतं. म्हणून या अंकात शब्दांपासूनच सुरुवात करू या.

आधी आपल्या ओळखीचा शब्द, फारकत. आता पेपरातही येतो, अमक्या पक्षाने तमक्या पक्षाशी फारकत घेतली म्हणून. मूळ शब्द फारखत किंवा फारखती. तो अरबी-फारसीतून आला. 'फारिग' म्हणजे मोकळा, 'खत' म्हणजे लिहिलेला कागद. मोकळं केल्याचा कागद. पूर्वी सावकाराचं कर्ज फिटलं की तो लिहून द्यायचा, याच्याकडून माझं काही येणं राहिलं नाही. त्या कागदाला फारखती म्हणत. म्हणजे आपण गटाचं बँकेचं कर्ज पूर्ण फेडल्यावर जो 'नो ड्यूज' दाखला आणतो ना, अगदी तोच. तोच शब्द पुढे नवरा-बायकोला लागला. मला हा शब्द विचार करायला लावतो, कारण त्यात हिशोब आहे. कर्जाची फारखती हिशोब चुकता झाल्यावरच मिळायची. आपल्या बायकांना मात्र फारकत मिळते आणि हिशोब बाकीच राहतो. लग्नात दिलेली भांडी, आईने घातलेलं सोनं, लेकरांचा खर्च, आठ-दहा वर्षं सासरच्या वावरात निंदलं-खुरपलं ती मजुरी. त्या कागदावर यातलं काही लिहिलेलं असतं का? तुम्हीच आठवून पाहा.

सोडचिठ्ठी तर सरळ आहे. सोडल्याची चिठ्ठी. पण या शब्दासोबत क्रियापद कोणतं येतं ते बघा. चिठ्ठी 'दिली' जाते. देणारा बहुतेक वेळा तो असतो, आणि घेणारी ती. "त्यानं तिला सोडली" हे वाक्य आपण जितक्या सहज बोलतो तितक्या सहज "तिनं त्याला सोडलं" बोलत नाही. बोललोच तर आवाज थोडा बदलतो, हो की नाही?

काडीमोड हा शब्द खेड्यातला, जातपंचायतीतला. पंचांसमोर खरोखरच गवताची नाहीतर लाकडाची काडी मोडायची. मोडलेली काडी पुन्हा जोडता येत नाही, तसं नातं तुटलं, अशी ती खूण. लिहिणं-वाचणं कोणाला येत नव्हतं तेव्हा चार लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली खूण हाच कागद होता. रसेल आणि हिरालाल या दोघांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर मोठा ग्रंथ छापला. त्यात अनेक समाजांची अशी काडी मोडण्याची रीत नोंदलेली आहे. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडातच होता. म्हणजे ज्यांना आपण 'मागासलेले' म्हणवून घेत आलो त्या समाजांत बाईला नात्यातून बाहेर पडायची वाट होती, आणि पुन्हा संसार करायचीही. दुसऱ्या वेळच्या त्या लग्नाला पाट म्हणायचे, कुठे मोहतूर म्हणायचे. त्याचा मान पहिल्या लग्नापेक्षा कमी, वाजंत्री कमी, बोलणी जास्त. पण वाट होती.

वरच्या म्हणवणाऱ्या जातींत ही वाटच नव्हती. तिथे लग्न म्हणजे जन्माचा संस्कार, मोडायचा प्रश्नच नाही. नवऱ्याला मात्र दुसरी करायला मोकळीक.

आता सरकारी फॉर्मवरचा शब्द, घटस्फोट. 'स्फोट' म्हटलं की आपल्याला बॉम्ब आठवतो. पण घट म्हणजे मडकं, स्फोट म्हणजे फुटणं. घटस्फोट म्हणजे मडकं फुटणं. आता तुम्ही म्हणाल, लग्नाचा आणि मडक्याचा काय संबंध? अंत्यविधीला चितेभोवती फिरून मडकं फोडतात हे तुम्हाला माहीत आहे. तोच संबंध. जुन्या धर्मशास्त्रात, म्हणजे ज्या मनुस्मृतीची बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला होळी केली तिच्यात आणि याज्ञवल्क्यस्मृतीतही, जातीबाहेर टाकण्याचा एक विधी आहे. नातेवाईक जमतात, पाण्याने भरलेलं मडकं दासीकडून लाथेने उपडं करतात, आणि तो माणूस मेला असं धरून सुतक पाळतात. माणूस तर तिकडे जिवंत फिरतोय! त्याच्याशी बोलायचं नाही, बसायचं नाही, वाटणी द्यायची नाही. हा घटस्फोट. पुढे मराठीत हाच शब्द नवरा-बायकोच्या तुटण्यासाठी रूढ झाला.

म्हणजे या शब्दाच्या पोटातच बहिष्कार आहे. घटस्फोट झालेल्या बाईला हळदी-कुंकवाला बोलवत नाहीत, तिच्या हातून ओटी भरून घेत नाहीत, तेव्हा ते जुनं मडकंच पुन्हा फुटत असतं.

पण त्याच जुन्या ग्रंथांत आणखी दोन गोष्टी आहेत, त्या कोणी सांगत नाही. एक, प्रायश्चित्त घेतलेल्याला परत घ्यायचं असेल तर सगळ्यांनी सोबत आंघोळ करायची आणि नवं मडकं पाण्यात सोडायचं. दोन, बाई अशी बाहेर टाकली तरी तिला अन्न, वस्त्र आणि घराजवळ राहायला जागा द्यायची. बाईला कायम दुय्यम ठेवणाऱ्या ग्रंथांनीसुद्धा तिची भाकर आणि छप्पर तोडायचं नाही, एवढं सांगून ठेवलं होतं. पोटगी मागणं म्हणजे 'हल्लीच्या बायांची थेरं' असं म्हणणाऱ्यांना हे सांगत जा.

त्याहून जुन्या, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नवरा-बायकोच्या सुटण्यासाठी कोणता शब्द वापरलाय माहीत आहे? मोक्ष! दोघांनाही एकमेकांचा तिटकारा असेल तर मोक्ष, असं तिथे आहे. अर्थात काही प्रकारच्या लग्नांना तो नाही, असंही लगेच लिहिलंय. तरी शब्द बघा. एकीकडे मडकं फुटणं, एकीकडे मोक्ष.

मुस्लिम भगिनींच्या घरातला शब्द तलाक. अरबीत त्याचा अर्थ बंधनातून सोडणं, मोकळं करणं. नवऱ्याकडून होतो तो तलाक. पण बाईने स्वतः मागून घ्यायचा तो खुला, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ अंगावरचं वस्त्र उतरवणं. खुला मागता येतो हे आपल्याच गटातल्या काही जणींना माहीत नव्हतं. शिवाय १९३९ चा कायदा आहे, त्यानुसार मुस्लिम बाई कोर्टातून लग्न रद्द करून घेऊ शकते. एका दमात तीनदा तलाक म्हणून मोकळं होणं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बाद केलं आणि २०१९ पासून तो गुन्हा आहे.

इंग्रजी डायव्होर्ससुद्धा सांगून टाकते. लॅटिन भाषेतून आलेला शब्द, मूळ अर्थ वेगळ्या दिशेला वळणं. रस्ता जिथे फुटतो त्या जागेलाही तोच शब्द होता. आपल्या भाषेत फाटा. एसटी फाट्यावर थांबते, एक जण इकडे उतरून जातो, दुसरा तिकडे. त्यात कोणी मेलं नाही, कोणी टाकलं नाही. खरं सांगू का, मला यातला हाच अर्थ सगळ्यात माणुसकीचा वाटतो.

आणि 'नांदवत नाही' मधलं नांदणं? ते संस्कृत 'नंद्' पासून आलं, म्हणजे आनंदात असणं. ज्या घरात आनंद नाही तिथे बाई नांदत नसते, राहत असते. पण कोर्टात 'नांदायला यावं' म्हणून नवरा दावा लावू शकतो. असाच दावा १८८४ मध्ये मुंबईत दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर लावला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, मोठी झाल्यावर रखमाबाईंनी त्या नवऱ्याकडे जायला नकार दिला. पहिल्या न्यायाधीशांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पण अपील झालं, आणि १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. हिंदू बाईला तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नव्हता. रखमाबाई पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी बायकांचे दवाखाने चालवले.

कायदा यायला फार वेळ लागला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये काडीमोडीचा कायदा केला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ मध्ये हिंदू घटस्फोट कायदा केला. मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आला. आपण तेव्हा मुंबई प्रांतात नव्हतो, त्यामुळे आपल्या आज्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. बाबासाहेबांनी देशभरासाठी हिंदू कोड बिल मांडलं, ते अडवलं गेलं, १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं त्यामागे हे एक मोठं कारण होतं. मग बिलाचे तुकडे करून कायदे झाले. त्यातला हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ पासून लागू झाला. हिंदूंसोबत बौद्ध, जैन, शीख यांनाही तोच लागू आहे. दोघांच्या संमतीने घटस्फोट घ्यायची सोय त्यात १९७६ मध्ये आली.

आता मुद्द्याचं. जरा लक्ष देऊन वाचा, वाचता येत नसेल त्या मावशीला वाचून दाखवा.

आपल्याकडे काय होतं? भांडण पंचांपर्यंत जातं. दोन्हीकडचे लोक बसतात. तालुक्याला जाऊन बाँड पेपर आणतात, कोणीतरी टाइप करतं, नोटरीचा शिक्का मारतात, दोघांच्या सह्या-अंगठे होतात. झाली फारकत! ती बाई तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवते. मला अशा पिशव्या उघडून किती जणींनी कागद दाखवलेत. त्यावर बहुतेक तीच वाक्यं असतात : आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत, यापुढे मी पोटगी मागणार नाही, स्थावर-जंगम मालमत्तेवर माझा हक्क राहणार नाही, दोघेही दुसरं लग्न करायला मोकळे.

हिंदू विवाह कायदा ज्यांना लागू आहे त्यांचं लग्न अशा कागदाने मोडत नाही. घटस्फोट कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच होतो. नोटरी हा फक्त सही कोणाची आहे याचा साक्षीदार. त्याच्या शिक्क्याने लग्न लागतही नाही आणि मोडतही नाही.

मग काडीमोडीच्या रीतीचं काय? त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये, ज्या समाजात घटस्फोटाची रूढी आहे तिथे ती चालेल असं म्हटलंय. यावरच सगळे पंच बोट ठेवतात. पण कोर्टात ती रूढी सिद्ध करावी लागते, की ती जुनी आहे, अखंड चालत आली आहे, सगळ्या समाजाला मान्य आहे आणि आपलं प्रकरण तिच्यातच बसतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या एका निकालात हेच सांगितलं. "आमच्यात असंच करतात" एवढं म्हणून भागत नाही. हे सिद्ध करायची पाळी येते तेव्हा पंचांपैकी निम्मे वारलेले असतात आणि उरलेल्यांना आठवत नसतं.

आंध, गोंड, कोलाम, परधान या आपल्या अनुसूचित जमातींतल्या तायांसाठी गोष्ट वेगळी आहे. केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. त्यांचं लग्न आणि सुटणं जमातीच्या रूढीने चालतं. म्हणून तुमच्या बैठकीत काय ठरलं ते लिहून ठेवणं, तारीख टाकणं, साक्षीदारांच्या सह्या घेणं आणखीच महत्त्वाचं. बंजारा समाज आपल्या राज्यात विमुक्त जातींत येतो, अनुसूचित जमातींत नाही. त्यामुळे तांड्यातल्या तायांना हिंदू विवाह कायदा लागू आहे, नायक-कारभाऱ्यांनी काहीही ठरवलं तरी.

कागद खरा नसला तर बिघडतं काय? समजा, एका ताईची बाँडवर फारकत झाली. घरच्यांनी दोन वर्षांनी तिचं दुसरं लग्न लावून दिलं. पहिलं लग्न कायद्याने मोडलेलंच नाही, म्हणून दुसरं लग्न कायद्याने लग्नच नाही. आठ वर्षांनी दुसरा नवरा वारला. दिराने सातबाऱ्यावर नाव लावायला हरकत घेतली, म्हणाला ही माझ्या भावाची बायकोच नव्हती. आणि तो कायद्याने बरोबर ठरू शकतो. मुलं मात्र कायद्याने औरस धरली जातात, वडिलांच्या मालमत्तेत त्यांना हक्क आहे, तेवढा आधार आहे. शिवाय पहिलं लग्न कायम असताना दुसरं करणं हा गुन्हासुद्धा आहे, आणि तो बाईला लागतो तसाच पुरुषालाही लागतो.

आता हीच गोष्ट उलटी धरा. नवऱ्याने बाँड केला, दुसरी आणली, आणि पहिली माहेरी बसली. तिला वाटतं आपला संबंध संपला. संपलेला नाही. ती कायद्याने अजून त्याची बायको आहे. पोटगी मागू शकते, आणि तो मृत्युपत्र न करता वारला तर मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने त्याच्या जमिनीत तिचा वाटा आहे. बाँडवर 'पोटगी मागणार नाही' लिहिलं असलं तरी घाबरू नका. असा हक्क आधीच सोडून देणं न्यायालयांनी अनेकदा अमान्य केलं आहे. पण एक वाक्य जपून : 'दोघे राजीखुशीने वेगळे राहत आहोत'. पोटगीच्या कायद्यात, आपसांत संमतीने वेगळं राहणाऱ्या बायकोला पोटगी नाही असं म्हटलंय. समोरचा वकील हेच वाक्य पुढे करतो. त्याने हाकलून दिलं असेल तर हाकलून दिलं असंच लिहा, नाहीतर सहीच करू नका.

पोटगीचं पूर्वीचं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. हे सगळ्या धर्मांच्या, सगळ्या जमातींच्या बायकांना आहे. कायदेशीर घटस्फोट झालेली आणि पुन्हा लग्न न केलेली बाईसुद्धा पोटगी मागू शकते. मारहाण होत असेल, घराबाहेर काढलं असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्यांकडे जायचं.

"कोर्टाची पायरी चढायला पैसे कुठून आणायचे?" हा तुमचा पहिला प्रश्न असतो. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत बायकांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. वकीलही मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाचा हक्क आहे. आणि दावा नवऱ्याच्या गावाकडेच लावावा लागतो असंही नाही. बायको सध्या जिथे राहते, म्हणजे माहेरी, तिथल्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज करता येतो. संमतीने घ्यायचा असेल तर आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. दोघांचं पटलेलंच असेल तर बाँडसाठी टायपिंगवाल्याला आणि पंचांच्या चहापाण्याला जेवढा खर्च होतो तेवढ्यात कोर्टाचं काम होऊ शकतं. मग तोच मार्ग का धरू नये?

शेवटी तो फॉर्मचा रकाना. कोर्टाचा हुकूमनामा हातात असेल तर 'घटस्फोटित'. नवऱ्याने टाकलं पण कोर्टाचा निकाल नाही, नुसता बाँड आहे किंवा तोही नाही, तर 'परित्यक्ता'. परित्यक्ता म्हणजे टाकलेली. मला हा शब्द आवडत नाही, पण हा शब्द सरकारदरबारी यायलाही लढावं लागलंय. १९८८ मध्ये संगमनेरला निशा शिवूरकर आणि समता आंदोलनातल्या कार्यकर्त्यांनी परित्यक्तांची परिषद घेतली, तेव्हा कुठे या बायका आहेत हे दिसायला लागलं. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोट झालेले सुमारे १३ लाख ६० हजार लोक नोंदले गेले, आणि नुसते वेगळे राहणारे त्याच्या जवळजवळ तिप्पट. त्यात बायका जास्त. बाईसाठी टाकलेली, सोडलेली, परित्यक्ता असे इतके शब्द, आणि टाकणाऱ्या पुरुषासाठी एकही नाही. तो फॉर्मवर खुशाल 'विवाहित' लिहितो.

संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटाचा दावा चालू असलेल्या आणि घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणाऱ्या बायकांचा समावेश आहे, अर्ज तहसील कार्यालयात. म्हणजे दावा दाखल केल्याची पावतीसुद्धा उपयोगाची असते, ती जपा.

ज्यांच्याकडे बाँड आहे त्यांनी पुढच्या बैठकीला तो कागद, लग्नाची पत्रिका किंवा फोटो, आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले घेऊन या. आपण सोबत वाचू आणि तालुका विधी सेवा समितीच्या वकिलांना दाखवायला नेऊ. त्याआधी कोणाला विचारायचं असेल तर १५१०० या नंबरवर मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, आणि मारहाण चालू असेल तर बैठकीची वाट न बघता १८१ ला फोन लावा.